हाक मागच्या दारी, ओ पुढच्या दारातून

सर्व्हर एक, नेटवर्क कार्डे दोन. एक कार्ड एका इंटरनेट कंपनीच्या लाइनवर, दुसरे दुसरीच्या. एक लाइन पडली तर दुसरी हाताशी असावी, हा हेतू. पहिल्या पत्त्यावर संकेतस्थळ लगेच उघडते. दुसऱ्या पत्त्यावर बाहेरून कोणी आले की पान फिरत राहते आणि शेवटी टाइमआउट होतो. बुचकळ्यात टाकणारी बाब पुढेच आहे. दुसऱ्या लाइनच्या नेटवर्कवर, सर्व्हरच्या शेजारीच जोडलेल्या संगणकावरून तो पत्ता बिनबोभाट चालतो.

अशा वेळी केबल बदलतात, कार्ड बदलतात, सर्व्हर रीस्टार्ट करतात. फरक पडत नाही, कारण कार्ड ठणठणीत असते. विनंती सर्व्हरपर्यंत पोचते. घोळ होतो तो उत्तराच्या वाटेत.

पॅकेट बाहेर पाठवताना लिनक्सचा गाभा मुख्यतः एवढेच पाहतो, की याला जायचे कुठे. रूटिंग टेबलमध्ये सर्वांत नेमकी जुळणारी ओळ शोधायची, नाही सापडली तर डीफॉल्ट रूट धरायचा. विनंती कोणत्या कार्डावरून आत आली, याचा या निर्णयाशी संबंध नसतो. मागच्या दारी हाक आली तरी ओ दिली जाते पुढच्या दारातून. शेजारच्या संगणकाला अडचण येत नाही, कारण त्याच्या नेटवर्कची ओळ टेबलमध्ये थेट दुसऱ्या कार्डाच्या नावावर असते.

केवळ उदाहरणांसाठी राखून ठेवलेले पत्ते घेऊ. पहिले कार्ड १९२.०.२.१०, दुसरे १९८.५१.१००.१०, डीफॉल्ट रूट पहिल्याकडून. ग्राहक दुसऱ्या पत्त्यावर येतो. उत्तरावर पाठवणाऱ्याचा पत्ता १९८.५१.१००.१० असाच, बरोबर पडतो. पण ते निघते पहिल्या कंपनीच्या लाइनवरून. त्या कंपनीच्या दृष्टीने हा पत्ता परका. खोटे पत्ते लावून होणारे हल्ले थोपवण्यासाठी अशी पॅकेट उगमापाशीच अडवावीत, अशी शिफारस आयईटीएफ या मानक-संस्थेने मे २००० मध्ये आरएफसी २८२७ या दस्तऐवजात केली. ती पाळणारी कंपनी आपले प्रामाणिक उत्तर बनावट समजून टाकून देते. तिची चूक म्हणता येत नाही. वाटेत फायरवॉल असेल तर तीही अडवते, कारण या संभाषणाची सुरुवात तिने पाहिलेलीच नसते.

कधी उत्तर तयारच होत नाही. लिनक्समध्ये आरपी-फिल्टर नावाची एक सेटिंग आहे. तिचे मूल्य १ असेल तर गाभा आत आलेल्या प्रत्येक पॅकेटबाबत पाहतो, की याच्या पाठवणाऱ्याकडे जायची आपली वाट याच कार्डातून आहे का. नसेल तर पॅकेट मुकाट टाकून दिले जाते. माणसे इथेच सर्वांत जास्त चकतात. टीसीपीडम्प पॅकेट टिपतो तो या तपासणीच्या आधी, त्यामुळे पडद्यावर विनंती आलेली स्पष्ट दिसते, उत्तर मात्र नाही, आणि ठपका बसतो बिचाऱ्या वेबसर्व्हरवर. अशा टाकलेल्या पॅकेटची लॉगमध्ये नोंद करणारी सेटिंग वेगळी आहे. शोध घेताना ती चालू करावी.

म्हणून काहीही बदलण्याआधी दोन्ही कार्डांवर एकाच वेळी टीसीपीडम्प लावून बघावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. विनंती दुसऱ्यावर आणि उत्तर पहिल्यावर दिसले तर वाट चुकली आहे. विनंतीच दिसली नाही तर दुखणे सर्व्हरच्या बाहेर आहे. मग ‘आयपी रूट गेट’ ही आज्ञा ग्राहकाचा पत्ता आणि ‘फ्रॉम’ लावून आपला दुसरा पत्ता देऊन चालवावी. उत्तर कोणत्या गेटवेने आणि कोणत्या कार्डाने जाईल, हे गाभा स्वतःच सांगतो.

दुसरा डीफॉल्ट रूट जोडून भागेल असे अनेकांना वाटते. भागत नाही. ज्याचा मेट्रिक कमी त्याचीच वाट वापरली जाते, दुसरी पडून राहते. खरा इलाज १९९९ मध्ये आलेल्या लिनक्स २.२ पासून हाताशी आहे: पाठवणाऱ्याचा पत्ता पाहून वाट ठरवणे. दुसऱ्या कार्डासाठी वेगळे रूटिंग टेबल करायचे, त्यात त्याच्या नेटवर्कची ओळ आणि त्याच्याच गेटवेचा डीफॉल्ट रूट घालायचा. मग ‘आयपी रूल’ने नियम बसवायचा, की १९८.५१.१००.१० कडून निघणाऱ्या पॅकेटने हे टेबल पाहावे. मुख्य टेबलच्या नियमाचा क्रमांक ३२७६६ असतो. नव्या नियमाचा क्रमांक त्याहून लहान हवा, म्हणजे तो आधी वाचला जातो.

वैतागून आरपी-फिल्टर बंद करणाऱ्यांनी इथे थांबावे. उलट वाट शोधतानाही गाभा हाच नियम वापरतो, त्यामुळे नियम नीट बसला की कडक तपासणीतूनही पॅकेट सुटते. सुरक्षेची कडी काढायची गरज राहत नाही.

हाताने दिलेले हे नियम फक्त चालू स्मृतीत असतात, रीस्टार्टनंतर पुसले जातात. नेटप्लॅन किंवा नेटवर्कमॅनेजर, जे वापरात असेल त्याच्या फाइलमध्ये ते कायम करावेत, सर्व्हर एकदा मुद्दाम रीस्टार्ट करावा आणि चाचणी शेजारच्या संगणकावरून न घेता मोबाइलचे वायफाय बंद करून, त्याच्या डेटावरून घ्यावी.