बहुवलयी ॲरोमॅटिक हायड्रोकार्बने
दोन वा अधिक बेंझीन वलये सामाईक बाजूंनी जोडली जाऊन बनलेल्या, केवळ कार्बन व हायड्रोजन असलेल्या संयुगांचा वर्ग. नॅप्थॅलिनात दोन, अँथ्रॅसीन व फेनँथ्रीन यांत प्रत्येकी तीन आणि बेंझोपायरिनात पाच वलये असतात. सर्वसाधारणपणे वलये वाढतात तसतशी बाष्पनशीलता व पाण्यातील विद्राव्यता कमी होते. नॅप्थॅलीन (वितळबिंदू ८०° से.) नेहमीच्या तापमानासही संप्लवन पावते, म्हणूनच डांबरगोळ्या कपड्यांत ठेवल्या असता हळूहळू झिजतात.

ही संयुगे दगडी कोळसा, खनिज तेल व डांबर यांत आढळतात. लाकूड, कोळसा, डीझेल, तंबाखू इ. कार्बनी पदार्थांचे अपूर्ण ज्वलन झाल्यास ती नव्याने तयार होतात. वणवे व ज्वालामुखी हे त्यांचे नैसर्गिक उगम होत. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात पडलेल्या मर्चिसन अशनीतही ती सापडली आहेत. १८६८ मध्ये ग्रेबे व लीबरमान यांनी अँथ्रॅसिनापासून ॲलिझरीन हा रंग तयार केला; त्यामुळे डांबर रंगोद्योगाचा महत्त्वाचा कच्चा माल ठरले.

लंडनमधील शस्त्रक्रियातज्ञ पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये धुराडी साफ करणाऱ्यांना होणाऱ्या वृषणकोशाच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. यामागीवा व इचिकावा या जपानी शास्त्रज्ञांनी सशांच्या कानांना डांबर वारंवार लावून कर्करोग उत्पन्न केल्याचे १९१५ मध्ये दाखविले. डांबरातील नेमका घटक शोधताना अनुस्फुरणाचा वर्णपट मार्गदर्शक ठरला आणि १९३३ मध्ये कुक, ह्यूएट व हाइगर यांनी बेंझोपायरीन अलग केल्याचे प्रसिद्ध केले.

बेंझोपायरीन मूळ रूपात फारसे विक्रियाशील नसते. ते पाण्यात विरघळून उत्सर्जित व्हावे यासाठी शरीरातील एंझाइमे त्याचे ऑक्सिडीकरण करतात. या क्रियेत निर्माण होणारे एक एपॉक्साइड डीएनएतील ग्वानिनाशी जोडले जाते व त्यातून उत्परिवर्तन घडू शकते. संरक्षक यंत्रणाच अशा रीतीने अपायास कारणीभूत होते.

जड संयुगे काजळीच्या सूक्ष्म कणांना चिकटून फुप्फुसांत खोलवर जातात. मातीतील सूक्ष्मजंतू दोन-तीन वलयांच्या संयुगांचे अपघटन करू शकतात. जड संयुगे मात्र दीर्घकाळ टिकतात. भारतात २००९ मध्ये हवेतील बेंझोपायरिनाची वार्षिक सरासरी मर्यादा प्रती घनमीटर १ नॅनोग्रॅम ठरविण्यात आली. इंधनाचे पूर्ण ज्वलन, स्वच्छ इंधनाचा वापर व स्वयंपाकघरातील धूर बाहेर जाण्याची सोय हे प्रतिबंधाचे प्रमुख उपाय होत. कारण एकदा पसरलेली ही संयुगे परत गोळा करणे जवळजवळ अशक्य असते.