पेट्रोलचा जनरेटर ऐनवेळी सुरू का होत नाही?

मंडळी, जुलै २०१८चा पूर वसई-विरारकर विसरलेले नाहीत. पाणी साचलं, वीज गेली, ती लवकर आलीच नाही. अशा वेळी कोपऱ्यातला छोटा जनरेटर बाहेर निघतो. दोरी ओढून ओढून हात दुखतो, पण तो काही सुरू होत नाही.

बहुतेक वेळा इंजिन ठीक असतं, बिघडलेलं असतं पेट्रोल. पडून राहिलेलं पेट्रोल उडून जातं, मागे चिकट थर उरतो आणि कार्ब्युरेटरच्या जेटचं बारीक भोक बुजतं. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते ओलावा ओढून घेतं, आणि आपली हवा तर समुद्राकाठची!

तपासायचं क्रमाने. आधी ऑइल बघा. ते कमी असेल तर बऱ्याच मशीन सुरूच होत नाहीत. मग पेट्रोलचा कॉक आणि चोक. नंतर प्लग काढा. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही, म्हणजे कार्ब्युरेटर साफ करायचा. ओला किंवा काजळलेला असेल तर प्लग पुसा, नाहीतर बदला.

मशीन ठेवून देताना कॉक बंद करा आणि इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्या. टाकीही रिकामी करा.

आणि एक गोष्ट जिवाची. पाऊस आहे म्हणून जनरेटर घरात, गॅलरीत, जिन्याखाली लावू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस झोपेतच जातो. मशीन बाहेर, उघड्या बाजूंच्या छपराखाली, दारं-खिडक्यांपासून लांबच हवं.