शिक्षण फुकट गेलें काय?

इंजिनिअर झालेला मुलगा कपडे बेतावयास बसला, तर ‘शिक्षण फुकट गेलें’ असेंच बहुतेक घरांत म्हटलें जाईल. व्हर्जिल ॲब्लो यांचें चरित्र या बाबतींत विचार करण्यासारखें आहे.

घानाहून अमेरिकेंत गेलेल्या दांपत्याच्या पोटीं १९८० सालीं त्यांचा जन्म झाला. आई शिवणकाम करी. सुईदोऱ्याचे पहिले धडे तिनेंच दिले. २००२ सालीं इंजिनिअरिंगची व २००६ सालीं वास्तुकलेची पदवी घेतल्यावर २००९ सालीं त्यांनीं रोमच्या फेंडी पेढींत उमेदवारी केली.

२०१२ सालीं तयार सदरे घेऊन, त्यांवर अक्षरें छापून, त्यांनीं ते कित्येक पट किंमतीस विकले. ही कसली कला, असा आक्षेप निघाला, व तो अगदींच निराधार नव्हता. मूळ वस्तूंत शेंकडा तीन इतका फरकही पुरेसा असतो, असें मात्र त्यांचें मत होतें.

२०१३ सालीं मिलान येथें त्यांची ‘ऑफ-व्हाइट’ ही पेढी निघाली. शहरी तरुणांचा रस्त्यावरील साधा, सैल पोषाख तिनें उंची दुकानांत नेला. २०१८ सालीं पॅरिसच्या लुई व्हितों पेढीनें पुरुषवस्त्रांचा विभाग त्यांच्या हातीं दिला. हा मान मिळविणारे ते पहिलेच कृष्णवर्णीय होत. २०१९ सालीं जडलेला हृदयाचा कर्करोग बाहेर कळूं न देतां ते काम करीत राहिले, आणि २०२१ सालीं वयाच्या ४१ व्या वर्षीं वारले.

घराचा नकाशा करतांना माणूस कोठून जातो-येतो हें पाहावें लागतें. सदरा बेततांना हात कसा उचलला जातो हें. दोन्ही ठिकाणीं प्रथम माणसाचें माप घ्यावयाचें असतें. तें ज्यास साधलें, त्याचें शिक्षण फुकट गेलें असें कसें म्हणावें?