यजमान राष्ट्रांचा वारसा : बर्लिन, मेक्सिको, सेऊल

ऑलिंपिक सनदेनुसार क्रीडासामन्यांचे यजमानपद तत्त्वतः राष्ट्राला नव्हे, तर नगराला बहाल केले जाते. व्यवहारात मात्र हा भेद फारसा टिकत नाही. सामन्यांचे उद्घाटन राष्ट्रप्रमुख करतो, खर्चाचा मोठा भार बहुधा सरकारी तिजोरीवर पडतो आणि सामने यशस्वी झाले की त्याचे श्रेय राज्यकर्ते घेतात. यजमानपद मागणाऱ्या शासनाचा हेतू निव्वळ क्रीडाविकासाचा क्वचितच असतो. आपला देश सुस्थिर व समर्थ असून पुढारलेल्या राष्ट्रांच्या पंक्तीत बसण्यास पात्र आहे, हे जगाला दाखवून देणे हा पुष्कळदा मुख्य हेतू असतो. तथापि सोहळा आटोपल्यावर जो वारसा मागे उरतो, तो शासनाच्या इच्छेप्रमाणे घडतोच असे नाही. तो कसा घडतो हे समजून घेण्यास १९६८ चे मेक्सिको आणि १९८८ चे सेऊल ही दोन उदाहरणे विशेष उपयुक्त आहेत. त्याआधी बर्लिनच्या अनुभवाचा थोडक्यात परामर्श घेणे इष्ट ठरेल.

बर्लिन, १९३६

बर्लिनची निवड १९३१ मध्ये झाली, तेव्हा जर्मनीत वायमार प्रजासत्ताक अस्तित्वात होते. सामने भरले तेव्हा हिटलर सत्तेवर येऊन साडेतीन वर्षे झाली होती. पाहुण्यांच्या नजरेस पडू नयेत म्हणून ज्यूंना मज्जाव करणारे फलक काही काळापुरते रस्त्यांवरून काढून टाकण्यात आले. राजधानीतील जिप्सी कुटुंबांना जुलै महिन्यात शहराच्या कडेला मार्त्सान येथील छावणीत नेऊन ठेवण्यात आले, आणि त्याच उन्हाळ्यात बर्लिननजीक साक्सेनहाउसेन येथील बंदिछावणीची उभारणी सुरू झाली. परदेशी पाहुणे यांपैकी फारच थोडे पाहू शकले. शिस्त, भव्यता आणि चोख व्यवस्था पाहून अनेकजण प्रभावित होऊन परतले. पदकतालिकेतही जर्मनी सर्वप्रथम राहिला. त्या काळापुरते पाहिले तर यजमानांचा हेतू बव्हंशी सफल झाला, असेच म्हणावे लागेल.

आज मात्र बर्लिनचे नाव निघताच जेसी ओवेन्स या कृष्णवर्णीय अमेरिकी धावपटूची चार सुवर्णपदके आठवतात. भारतीय वाचकाला ध्यानचंदच्या संघाने अंतिम सामन्यात जर्मनीवर मिळविलेला ८-१ असा विजय आठवतो. यजमानांनी सुरू केलेली एक प्रथा तेवढी निर्वेधपणे टिकून राहिली. ऑलिंपिया येथे प्रज्वलित केलेली ज्योत धावपटूंच्या हातून यजमान नगरात आणण्याची कल्पना कार्ल डीम या संयोजकाची. ती प्रथम अमलात आली ती बर्लिनच्या सामन्यांसाठी. नाझी राजवट १९४५ मध्ये लयाला गेली, तिचे गुन्हे उघड झाले, आणि त्या प्रकाशात १९३६ च्या सोहळ्याचा अर्थही बदलला. परंतु जेथे राजवट कोसळत नाही, अभिलेख तिच्याच ताब्यात राहतात, तेथे वारशाचे काय होते? या प्रश्नाचे उत्तर मेक्सिकोत शोधावे लागते.

मेक्सिको, १९६८

मेक्सिको नगराची निवड ऑक्टोबर १९६३ मध्ये जर्मनीतील बाडेन-बाडेन येथे झाली. लॅटिन अमेरिकेत ऑलिंपिक सामने प्रथमच भरणार होते. विकसनशील म्हणून ओळखल्या जाणाऱ्या देशाला हा मान लाभावा, ही घटना अपूर्व होती. समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवरील विरळ हवेत खेळाडूंचा निभाव कसा लागेल, हाच त्या वेळी चर्चेचा मुख्य विषय होता. वास्तुशिल्पी पेद्रो रामिरेस वास्केस यांच्या नेतृत्वाखाली संयोजकांनी वर्षभर सांस्कृतिक कार्यक्रम आखले, निरनिराळ्या देशांतील शिल्पकारांकडून एका हमरस्त्यालगत शिल्पे उभारून घेतली आणि पांढऱ्या कबुतराचे चित्र सामन्यांचे एक बोधचिन्ह म्हणून सर्वत्र झळकविले. शांततेत सर्व काही साध्य होते, असा या प्रचाराचा आशय होता.

त्याच वर्षी जुलैअखेर विद्यार्थ्यांच्या दोन गटांतील भांडण पोलिसांनी बळाचा वापर करून मोडून काढले आणि त्यातून व्यापक आंदोलन उभे राहिले. आंदोलकांच्या मागण्या क्रांतिकारक म्हणता येतील अशा नव्हत्या. राजकीय कैद्यांची मुक्तता, दंगलविरोधी पोलीसदलाचे विसर्जन, विरोधकांना तुरुंगात टाकण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या दंडसंहितेतील कलमांचे उच्चाटन, अशा त्या होत्या. राष्ट्राध्यक्ष गुस्ताव्हो दियास ओर्दास यांना मात्र हा सर्व प्रकार ऑलिंपिक उधळून लावण्याचा कट वाटला. १८ सप्टेंबर रोजी लष्कराने राष्ट्रीय विद्यापीठाचा परिसर ताब्यात घेतला. सामन्यांचे मुख्य स्टेडियम याच विद्यापीठाचे होते, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. इकडे विद्यार्थ्यांनी संयोजकांच्याच चित्रशैलीचा आधार घेऊन आपली भित्तिपत्रके काढली. त्यांपैकी काहींवर शांततेच्या कबुतराच्या छातीत संगीन खुपसलेली दिसत होती.

२ ऑक्टोबरच्या सायंकाळी त्लातेलोल्को भागातील चौकात सभा भरली होती. आकाशात प्रकाशगोळे सोडले गेले आणि त्यापाठोपाठ गोळीबार सुरू झाला. साध्या वेशातील काही सैनिकांनी ओळख पटावी म्हणून डाव्या हातात पांढरा मोजा घातला होता. ही माणसे ‘ऑलिंपिया’ नामक तुकडीतील होती, आणि ही तुकडी मुळात सामन्यांच्या सुरक्षिततेसाठी उभारलेली होती. मृतांची संख्या अद्याप निर्विवादपणे ठरलेली नाही. काही डझनांपासून तीनशेहून अधिक असे तिचे भिन्नभिन्न अंदाज आहेत. विद्यार्थ्यांनीच प्रथम गोळ्या झाडल्या, असे सरकारने सांगितले. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने सामने ठरल्याप्रमाणे होतील असे जाहीर केले, आणि अवघ्या दहा दिवसांनी, १२ ऑक्टोबर रोजी, दियास ओर्दास यांनी त्याच विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये त्यांचे उद्घाटन केले.

सामने उत्तम पार पडले. बॉब बीमनने ८.९० मीटर लांब उडी मारली. क्रीडाज्योत प्रज्वलित करण्याचा मान एन्रिकेता बासिलिओ हिच्या रूपाने प्रथमच एका महिलेला मिळाला. १६ ऑक्टोबर रोजी टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस या कृष्णवर्णीय अमेरिकी धावपटूंनी विजयमंचावर काळे मोजे घातलेल्या मुठी उंचावून आपल्या देशातील वर्णभेदाचा निषेध केला. ते छायाचित्र जगभर पोहोचले. त्याचा एक परिणाम असा झाला की, ‘१९६८ च्या ऑलिंपिकमधील राजकारण’ म्हटले की परदेशातील सामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढे आजही त्या दोन मुठी येतात. यजमानांच्या चौकातील प्रेते येत नाहीत.

मेक्सिकोतील स्मृती निराळ्या वाटेने गेली. पहिला जाहीर निषेध भारतातून व्हावा, असा योग नव्हता. तथापि सर्वांत गाजलेल्या निषेधांपैकी एक येथूनच झाला. कवी ऑक्ताव्हिओ पाझ हे १९६२ पासून दिल्लीत मेक्सिकोचे राजदूत होते. हत्याकांडाचे वृत्त कळताच त्यांनी पदाचा त्याग केला. १९७१ मध्ये लेखिका एलेना पोनियातोव्स्का यांनी प्रत्यक्षदर्शी, कैदी आणि मृतांचे आप्त यांच्या साक्षी एकत्र करून ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. सत्तारूढ पक्ष २००० पर्यंत सत्तेवर राहिला, त्यामुळे अधिकृत चौकशीचा मार्ग दीर्घकाळ बंदच होता. चौकात मृतांचा स्मृतिस्तंभ उभा राहण्यास १९९३ उजाडले. १९६८ मधील संरक्षणमंत्र्यांची कागदपत्रे १९९९ मध्ये प्रकाशित झाली, तेव्हा राष्ट्राध्यक्षांच्या रक्षकदलातील बंदूकधारी आसपासच्या इमारतींमध्ये तैनात होते, हे उघड झाले. २००७ मध्ये चौकालगतच्या, पूर्वी परराष्ट्र मंत्रालयाच्या असलेल्या इमारतीत विद्यापीठाने स्मृतिसंग्रहालय उघडले. आणि २०१८ मध्ये, घटनेला पन्नास वर्षे झाली तेव्हा, राजधानीच्या मेट्रो स्थानकांतील दियास ओर्दास यांच्या नावाच्या पाट्या उतरविण्यात आल्या.

सेऊल, १९८८

सेऊलची निवडही योगायोगाने बाडेन-बाडेन येथेच, सप्टेंबर १९८१ मध्ये झाली. जपानमधील नागोया नगराचा पराभव करून दक्षिण कोरियाने हा मान मिळविला. तेथील सत्ताधीश चुन दू-ह्वान यांनी लष्करी बंडाच्या मार्गाने सत्ता हस्तगत केली होती, आणि मे १९८० मध्ये ग्वांग्जू येथील उठाव सैन्याकरवी चिरडला होता. अशा राजवटीला जगाची मान्यता हवी होती, आणि ऑलिंपिक हा त्यासाठी राजमार्ग वाटत होता.

या मान्यतेची किंमत प्रथम गरिबांना मोजावी लागली. नगराच्या सुशोभनासाठी व पुनर्बांधणीसाठी हजारो कुटुंबांची घरे पाडण्यात आली. सांग्ग्ये-दोंग वस्तीतील विस्थापित नगराबाहेर बुचॉन येथे जाऊन राहिले, तर त्यांच्या तेथील झोपड्याही पाडल्या गेल्या, कारण क्रीडाज्योत ज्या महामार्गाने जाणार होती तेथून त्या दिसल्या असत्या. किम दोंग-वॉन यांनी १९८८ मध्ये काढलेल्या माहितीपटामुळे ही हकिगत नोंदली गेली.

१३ एप्रिल १९८७ रोजी चुन यांनी राज्यघटनेतील सुधारणांची चर्चा ऑलिंपिक होईपर्यंत स्थगित केल्याचे जाहीर केले. म्हणजेच राष्ट्राध्यक्षाची थेट निवड करण्याचा हक्क जनतेने आणखी काही काळ मागू नये, यासाठी सामन्यांचे निमित्त पुढे करण्यात आले. जनतेने ते मानले नाही. पोलिसांच्या छळामुळे एका विद्यार्थ्याला जानेवारीत मरण आल्याने लोक आधीच प्रक्षुब्ध होते. जूनमध्ये विद्यार्थ्यांच्या बरोबरीने नोकरदार, धर्मगुरू आणि गृहिणीही रस्त्यावर उतरल्या. सैन्य पाचारण करण्याची तयारी झाली होती. पण तो बेत मागे घेण्यात आला. अमेरिकेचा दबाव, सत्ताधाऱ्यांमधील मतभेद आणि आंदोलनाचा विस्तार ही त्याची कारणे होती. त्यांच्या जोडीला आणखी एक भीती होती : राजधानीत रक्त सांडले तर सामने हातचे जातील. २९ जून रोजी सत्तारूढ पक्षाचे उमेदवार रो ते-वू यांनी थेट निवडणुकीची मागणी मान्य केली. डिसेंबरमध्ये निवडणूक झाली. विरोधकांत फूट पडल्यामुळे तीत रोच विजयी झाले, आणि १७ सप्टेंबर १९८८ रोजी सामन्यांचे उद्घाटन त्यांच्याच हस्ते झाले. चुन यांना मात्र पुढे १९९६ मध्ये न्यायालयाने दोषी ठरविले. १९९७ अखेर त्यांना माफी मिळाली.

परदेशांत सेऊलची आठवण निघते ती बेन जॉन्सन या धावपटूच्या उत्तेजक द्रव्यसेवनाची. कोरियन नागरिकाच्या लेखी त्या पर्वाचा आरंभ स्टेडियममध्ये नव्हे, तर १९८७ च्या जून महिन्यातील रस्त्यांवर झालेला असतो.

दोन निर्णयांतील अंतर

मेक्सिको व सेऊल यांची परिस्थिती बरीच समांतर होती. दोन्हीकडे लोकशाही हक्कांसाठी विद्यार्थी पुढे आले, दोन्ही शासनांना सामन्यांची चिंता होती, आणि दोन्हीकडे जगाचे लक्ष लागलेले होते. एका शासनाने त्या चिंतेपोटी दहा दिवस आधी आपल्याच तरुणांवर गोळ्या झाडल्या. दुसऱ्याने, पंधरा महिने आधी, सैन्य मागे ठेवले. यावरून ऑलिंपिकमुळे लोकशाही येते असा निष्कर्ष काढणे जितके चुकीचे, तितकेच त्यामुळे दडपशाही वाढते असा काढणेही चुकीचे ठरेल. सामने शासनावरील दडपण वाढवितात. त्या दडपणाखाली शासन काय करील, हे त्याच्यापुढे उभ्या असलेल्या लोकशक्तीवर आणि त्याच्या स्वतःच्या हिशेबावर अवलंबून राहते. सेऊलमध्ये अजून पंधरा महिने हाती होते आणि मध्यमवर्ग आंदोलनात उतरला होता. मेक्सिकोतील विद्यार्थ्यांना यांपैकी काहीच लाभले नाही.

यजमानपदाची मागणी करणारे देश आजही आहेत. २०३६ च्या सामन्यांसाठी भारताने २०२४ मध्ये आपले इरादापत्र सादर केले. अशा वेळी किती मोठी स्टेडियमे उभी राहतील, किती खर्च होईल, याची चर्चा स्वाभाविकच होते. परंतु सामन्यांच्या तयारीच्या वर्षांत कोणाची घरे हलविली गेली, कोणाला तुरुंगात टाकले गेले आणि त्याची नोंद कोणी ठेवली, हे प्रश्नही त्याच हिशेबात धरावे लागतात. त्लातेलोल्को येथील स्मृतिस्तंभावर मृतांपैकी काहींचीच नावे आहेत. उरलेली नावे मिळविण्याचे काम तेथील लोकांना अर्धशतकानंतरही पूर्ण करता आलेले नाही.