अर्थशास्त्रामागची विचारसरणी ओळखा

अर्थशास्त्र म्हणजे निव्वळ हिशेब, त्यात मतभेदाला जागा नाही, असा आपल्यातील अनेकांचा समज असतो. बेरीज-वजाबाकी सर्वांची सारखीच, हे खरे. परंतु कोणता खर्च मोजायचा आणि कोणाचे हित आधी पाहायचे, हे विचारसरणी ठरवते. तेच पुढे पाठ्यपुस्तकात 'नियम' म्हणून येते.

न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान देऊन हेच दाखवले. त्या काळी आपल्याकडे इंग्रज लेखकांचे अर्थशास्त्र शिकवले जाई. खुला व्यापार सर्व देशांना सर्वकाळ हितकारक, अशी ती शिकवण होती. इंग्लंडच्या गिरण्यांना ती सोयीची होती. १८८२ मध्ये याच तत्त्वावर विलायती कापडावरील जकात उठली. पुढे १८९६ मध्ये त्या कापडावर ३.५ टक्के जकात ठेवताना देशी गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच कर बसवण्यात आला. प्रत्येक देशाची परिस्थिती पाहूनच अर्थनीती ठरावी, असे रानड्यांचे म्हणणे होते.

आपल्या परभणी जिल्ह्याचाच दाखला घ्या. १९७२ मध्ये राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना आली. व्यापारी शेतकऱ्याचा वाटा खातो, म्हणून खरेदी सरकारने करावी, हा त्यामागचा विचार. खाजगी खरेदीला बंदी झाली. मानवत, सेलूसारख्या कापसाच्या पेठांतील व्यापारी बाजूला पडले. १९९१ नंतर देशात वारे फिरले आणि २००२ च्या सुमारास खाजगी खरेदी पुन्हा खुली झाली. कापूस तोच, पेठ तीच. पण कालचा 'दलाल' आज 'स्पर्धा आणणारा' ठरला.

दोन्ही विचारांत तथ्य होते. सुगीत भाव पाडून घेणारे व्यापारी होतेच. दुसरीकडे योजनेत चुकारे रखडत, तोटा साचत गेला आणि बाहेर भाव चढला की कापूस राज्याची सीमा ओलांडू लागला. आजही भाव हमीदराखाली गेला की शेतकरी सरकारी खरेदीची वाट पाहतो, म्हणजे निव्वळ खुल्या बाजारानेही भागत नाही.

म्हणून मुले वाणिज्य शाखेचे पुस्तक घरी आणतील तेव्हा आपणही ते चाळावे. नवी योजना आली की तीन प्रश्न विचारावेत : हा नियम कोणत्या परिस्थितीत तयार झाला? यात कोणाचा खर्च मोजलेला नाही? तोटा आला तर तो कोण सोसणार? ज्याला हे विचारता येते, त्या कारागिराला व व्यापाऱ्याला मोठमोठ्या शब्दांनी भुलवणे कठीण जाते.