घरातला कोळी: त्याला फवारा नको, झाडू पुरे



कापूस वेचून घरात यायला लागला की भिंतीवर मोठमोठे कोळी दिसायला लागतात, कोपऱ्यात जळमटं वाढतात. मग फवारणीतून उरलेली बाटली आठवते. थोडं औषध पंपात टाकायचं आणि झोपायच्या खोलीतच फवारा मारायचा. *हे कृपया करू नका.*

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, ते तर उघड्या रानात फवारत होते. बंद खोलीत तेच औषध भिंतीवर, अंथरुणावर, माठावर बसतं आणि लेकरं तिथंच रांगतात. पिकावरचं औषध पिकासाठीच असतं, घरात मारायला नसतं.

आता कोळी येतो कशाला ते बघा. कापसाबरोबर लाल ढेकण्या आणि बारीक किडे घरात येतात. अंगणातल्या पांढऱ्या दिव्यावर पतंग जमतात. मोरीत झुरळं असतातच. कोळी या खाण्यामागे येतो. फवाऱ्याने आजचा कोळी मेला तरी खाणं तसंच राहिलं, तर पंधरा दिवसांत दुसरा हजर.

भिंतीवर पळणारा तो मोठा, चपटा, तपकिरी कोळी जाळं विणत नाही. रात्री फिरून झुरळं पकडतो. त्याच्या पोटाखाली पांढरी चपटी गोळी दिसली तर ती अंड्यांची थैली समजा. छताच्या कोपऱ्यातला काडीसारख्या लांब पायांचा कोळी डास-चिलटं धरतो. खिडकीत टुणटुण उड्या मारणारा छोटा माश्यांवर झडप घालतो. तिघेही माणसाच्या वाटेला जात नाहीत. कपड्यात दाबला गेला तर क्वचित चावतो. साबण-पाण्याने धुवा, थंड पाण्याची पट्टी ठेवा, एक-दोन दिवसांत उतरतं. लाली पसरत गेली किंवा ताप आला तर दवाखाना गाठा. बांधावरच्या बिळात राहणारे केसाळ मोठे कोळी मात्र वेगळे, बिळात हात घालू नका.

अंगावर पट्ट्यासारखे फोड आले की "कोळी फिरला" म्हणून लेप लावतात. बऱ्याचदा ती नागीण असते. ती लवकर दाखवली तर औषधाचा चांगला उपयोग होतो. पावसाळ्यात दिव्यावर येणारा काळा-नारिंगी बारीक किडा अंगावर चिरडला गेला तरी असेच भाजल्यासारखे फोड येतात. कोळ्याचा दोष दोन्हीत नाही.

*सगळ्यात महत्त्वाचं आता.* रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला काहीतरी चावलं, दिवा लावला तर भिंतीवर कोळी दिसला, "कोळीच चावला" म्हणून सगळे परत झोपले. यात जीव जाऊ शकतो. मण्यार रात्री फिरते, झोपेतच चावते. दुखत फारसं नाही, सूज नाही, दातांची खूणही कधी दिसत नाही. काही तासांनी पोटात दुखतं, घसा धरतो, पापण्या जड होऊन मिटायला लागतात, बोलणं अडखळतं, पुढे श्वास अडतो. म्हणून काय चावलं ते डोळ्यांनी पाहिलं नसेल तर साप धरूनच चाला. चिरा देऊ नका, दोरी आवळू नका, पाला खाऊ घालू नका, देवऋषीकडे वेळ घालवू नका. माणसाला चालू न देता, हात-पाय हलू न देता जवळच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा शहरात घाटी रुग्णालयात न्या. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर एकच प्रतिविष लस चालते, त्यामुळे साप मारून सोबत नेण्याची गरज नाही.

लाल विंचवाचंही तसंच, लेकरांना जास्त धोका. त्यावर प्राझोसिन या गोळीचा उपचार रूढ करणारे महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर मूळचे आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातले. त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. घाम सुटला, उलटी झाली, हात-पाय गार पडले तर घरी थांबू नका.

घरात करायचं एवढंच: कापूस झोपायच्या खोलीत भरू नका. जागाच नसेल तर निदान खाटेवर झोपा आणि मच्छरदाणी गादीखाली खोचा. कापसाच्या, धान्याच्या ढिगाला उंदीर येतात आणि उंदरामागे साप. ढीग भिंतीपासून हातभर लांब ठेवा. दारापुढचा दिवा पिवळा लावा, पतंग कमी येतात. आठवड्यातून एकदा जळमटं झाडूने काढा. मोठा कोळी नकोच असेल तर डबा उपडा ठेवा, खालून पुठ्ठा सरकवा आणि बाहेर सोडा. गोठ्यातली जाळी जनावरांच्या तोंडाशी नसतील तर राहू द्या, माश्या तिथंच अडकतात.

शेतातही हाच हिशोब. कपाशीवर फिरणारे कोळी तुडतुडे आणि पतंग खातात. पहिल्याच महिन्यात कडक औषध मारलं की आधी तेच मरतात, म्हणून फवारणीआधी पानं उलटून कीड मोजा.

उरलेलं औषध मूळ बाटलीतच, कुलपात ठेवा. १०८ नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये आजच सेव्ह करा.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी, सल्ला विभाग