झिजवल्याशिवाय चकाकी नाही

पंधरा वर्षं उन्हात उभी राहिलेली लाल मारुती ८०० स्वस्तात मिळते. इंजिन ठणठणीत असतं, पण बॉनेट आणि टप फिकट गुलाबी पडलेले असतात आणि वर पांढुरकी झाक आलेली असते. मग सल्ले सुरू होतात. एक गॅरेजवाला म्हणतो, रबिंग-पॉलिश मारून देतो. दुसरा सिरॅमिक कोटिंगचं पॅकेज पुढे करतो. तिसरा म्हणतो, पूर्ण गाडी रंगवूनच घ्या. यातलं कुणाचं ऐकायचं, हा प्रश्न जुनी गाडी घेणारे वाचक नेहमी विचारतात. बिघाड रंगाच्या कोणत्या थरात आहे हे कळलं, की त्याचं उत्तर घरबसल्या मिळतं.

पत्र्यावर आधी गंजरोधक थर असतो, त्यावर प्रायमर, मग रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळे मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम सातवा ते दहावा भाग. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा. जुन्या गाड्यांच्या साध्या, बिनमेटॅलिक रंगांवर पुष्कळदा तोही नसतो. रंगच थेट उन्हाला तोंड देतो. पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन घासा. फडक्याला गाडीचा रंग लागला, तर वर क्लिअर कोट नाही असं समजा.

सूर्याच्या अतिनील किरणांत रंगद्रव्याचे कण धरून ठेवणाऱ्या रेझिनचे रासायनिक बंध तोडण्याइतकी ऊर्जा असते. तुटलेल्या टोकांना हवेतला ऑक्सिजन चिकटतो, त्यातून आणखी बंध तुटतात आणि ही साखळी चालत राहते. सुटे झालेले तुकडे पावसात धुऊन जातात, पृष्ठभाग खडबडीत होतो आणि रंगद्रव्याचे कण उघडे पडतात. पांढऱ्या गाडीवर हात फिरवला की पावडर लागते ती यामुळेच. तिथे तर टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरं रंगद्रव्यच प्रकाश पडल्यावर उत्प्रेरकाचं काम करतं आणि भोवतालचं रेझिन खातं. फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये प्रकाशाच्या मदतीने पाण्याचं विघटन करून दाखवलं, ते याच पदार्थाच्या याच गुणावर. म्हणून आता त्याच्या कणांवर ॲल्युमिना किंवा सिलिकाचं आवरण चढवतात.

लाल रंगाची अडचण वेगळी आहे. लाल दिसण्यासाठी रंगद्रव्याला निळा आणि जांभळा, म्हणजे जास्त ऊर्जेचा प्रकाश शोषावा लागतो, आणि भडक लाल छटा देणारे जुने सेंद्रिय रेणू त्या माऱ्यात मोडत जातात. तुळशीवृंदावनाला लावलेला गेरू मात्र उन्हात तसा विटत नाही. तो लोहाचा ऑक्साइड आहे. त्यात मोडण्यासारखा नाजूक सेंद्रिय रेणूच नसतो.

आता त्या पांढुरक्या झाकेकडे वळू. नदीकाठचा गोटा आठवा. पाण्यात असताना तो तांबूस, हिरवट, रेघारेघांचा दिसतो; घरी आणून वाळला की राखाडी. गोट्यात काहीच बदललेलं नसतं. कोरड्या गोट्याच्या खडबडीत पृष्ठभागावर पडलेला प्रकाश चहूकडे विखुरतो आणि हा विखुरलेला पांढरा उजेड आतल्या रंगात मिसळून त्याला फिका करतो. पाण्याने खाचा भरल्या की वरचा पृष्ठभाग सपाट होतो. शिवाय पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वळवण्याचं माप, १.३३, हवेच्या १ पेक्षा दगडाच्या बराच जवळचा, म्हणून पाणी आणि दगड यांच्या सीमेवर प्रकाश कमी विखुरतो आणि आतला रंग वर येतो. गाडीच्या रंगातल्या रेझिनचा अपवर्तनांक १.५ च्या आसपास असतो, त्यामुळे गोट्याचं भौतिकशास्त्र बॉनेटला जसंच्या तसं लागू पडतं. केवढी सोपी तपासणी निसर्गाने हाती दिली आहे! फिक्या जागी पाणी ओता. ओलेपणी रंग गडद, जिवंत दिसला, तर बिघाड वरवरचा आहे आणि पॉलिशने तो जाईल. पाणी ओतूनही पांढरे डाग तसेच राहिले, तर क्लिअर कोट आतून फुटला आहे किंवा खालच्या थरापासून सुटला आहे. तिथे पॉलिश चालणार नाही, रंगच द्यावा लागेल.

पण पॉलिश म्हणजे नेमकं काय होतं? या साध्या प्रश्नावर विज्ञानाने अडीचशे वर्षं घालवली. दुर्बिणीचा आरसा स्वतःच्या हातांनी घासणाऱ्या न्यूटनने १७०४ च्या ‘ऑप्टिक्स’मध्ये लिहून ठेवलं होतं, की पूड जितकी बारीक तितके ओरखडे बारीक, ते दिसेनासे झाले की आपण पृष्ठभागाला गुळगुळीत म्हणतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सर जॉर्ज बिल्बी यांनी वेगळा सिद्धान्त मांडला. घासताना पृष्ठभागाचा अगदी वरचा थर द्रवासारखा वाहतो, खाचांत भरतो आणि तसाच थिजतो, असं त्यांचं म्हणणं. १९३७ मध्ये केंब्रिजच्या बाउडन आणि ह्यूज यांनी त्याला बळ दिलं. मऊ कापूर साधारण १७८ अंश सेल्सिअसला वितळतो आणि वूड्स मेटल हा मिश्रधातू सत्तरीच्या आसपास. कापराने या धातूला चकाकी आणता येते, असं त्यांनी दाखवलं. कठीणपणापेक्षा वितळणबिंदू महत्त्वाचा ठरला आणि ‘बिल्बी थर’ पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला.

तो तिथून हलवण्यात मोठा वाटा मेलबर्नच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या लेनर्ड सॅम्युएल्स या धातुशास्त्रज्ञाचा. १९५० च्या दशकात त्यांनी पॉलिश केलेल्या धातूचे तिरकस छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. वितळून थिजलेला थर त्यांना सापडलाच नाही. दिसले ते बारीक ओरखडे आणि त्यांच्याखाली दबून विकृत झालेले स्फटिक. आम्लात बुडवल्यावर जुने ओरखडे पुन्हा उमटतात, हा बिल्बींचा हुकमी पुरावा होता. आम्ल त्या विकृत भागाला आधी खातं, एवढंच त्याचं कारण निघालं. न्यूटन बरोबर होता. धातूचा नमुना सूक्ष्मदर्शकासाठी कसा तयार करायचा, हे सॅम्युएल्स यांनी जगाला शिकवलं. तरी त्यांचं नाव त्या वर्तुळाबाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही. ते ठाऊक असायला हवं.

गाडीच्या बाबतीत तर वितळण्याचा प्रश्नच येत नाही. आजच्या क्लिअर कोटमधले रेणू एकमेकांना जाळ्यासारखे बांधलेले असतात. बफिंग मशीन एका जागी जास्त वेळ धरलं तर तो थर जळतो, वितळत नाही. म्हणजे रबिंगचं कंपाउंड फक्त कापतं. २००० नंबरच्या पॉलिशपेपरचे कण सुमारे १० मायक्रॉनचे, शेवटच्या पॉलिशमधले एक मायक्रॉनच्या आसपासचे. त्यांनी पाडलेले चरे प्रकाशाच्या तरंगलांबीहून, म्हणजे ०.४ ते ०.७ मायक्रॉनहून, बरेच उथळ झाले की चकाकी येते. या कामात दर वेळी दोन-तीन मायक्रॉन थर जातो. त्याच थरात अतिनील किरणं शोषणारी द्रव्यं असतात, त्यामुळे तो जितका पातळ होईल तितकं जास्त ऊन खालच्या रंगापर्यंत पोहोचतं. दर सहा महिन्यांनी रबिंग करून घेणारा माणूस गाडीचं आयुष्य कमीच करत असतो.

‘९एच’ कठीणपणाच्या सिरॅमिक कोटिंगबद्दलही स्पष्ट सांगायला हवं. हा ९ मोह्स मोजपट्टीवरचा नाही, पेन्सिलच्या शिशाचा आहे. ९एच पेन्सिलीने ओरखडा उठत नाही, इतकाच त्याचा अर्थ. मोह्स पट्टीवर ७ असलेल्या वाळूच्या कणांपासून हे कोटिंग गाडीला वाचवू शकत नाही. पाणी घरंगळतं, धुणं सोपं होतं, हे खरं. पण खालची झाक तशीच ठेवून ते लावलं तर झाकही तशीच राहते. ‘टेफ्लॉन कोटिंग’चा दावा त्याहून कमजोर. टेफ्लॉन ३२७ अंशांना वितळतं आणि तव्यावर ते भट्टीतल्या तापमानाला बसवतात. मेणात मिसळून हाताने चोळलेलं टेफ्लॉन तसं बसत नाही.

तेव्हा गाडी आधी स्वच्छ धुवा, म्हणजे वाळूचे कण घासले जाणार नाहीत. मग पाणी ओतून बघा. रंग उजळला तर रंगाची जाडी मोजण्याचं यंत्र असलेल्या कारागिराकडे जा आणि सर्वांत सौम्य पॉलिशपासून सुरुवात करायला सांगा. एकदा चकाकी आली की वर मेण किंवा सीलंट लावा आणि गाडी सावलीत उभी करा. रंग टिकवायचा असेल, तर कोणत्याही पॅकेजपेक्षा सावली जास्त उपयोगी आहे.